रुळांअलीकडचा नळ

मी एक जुना, आगीच्या पाण्याचा नळ आहे. शिकागो शहराच्या पश्चिमेला हॉलिस रस्त्याच्या कोपऱ्यावर मी उभा असतो. मित्रांनो, देह माझा ओतीव लोखंडाचा आणि काम एकच : आग लागली की बंबाला पाणी द्यायचं.

उन्हाळ्यात मात्र माझ्याकडे आणखी एक काम असे. रेल्वेच्या रुळांअलीकडची आमची वस्ती काळ्या लोकांची. घरं कोंदट, तरी भाडं भरमसाट, कारण त्यांना दुसरीकडे कोणी घरच देत नसे. पोहण्याचा तलाव होता, पण तो गोऱ्या मुलांसाठी. म्हणून कारखान्यातून परतलेले ल्युशियस टेट मोठा पाना घेऊन येत आणि माझं झाकण उघडत. सारी गल्ली भिजून जाई. त्यांची बायको आर्डेलियाबाई खिडकीतून म्हणत, "ल्युशियस, नळ मुलांसाठी उघडलास ना? मग तूच कसा नाचतोयस?"

एका जुलैत उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. पोलीस आले आणि त्यांनी मला बंद केलं.

"साहेब, रुळांपलीकडचा नळ सकाळपासून चालू आहे," ल्युशियस म्हणाले. "तिथं गोरी मुलं भिजताहेत, एवढाच फरक."

"ए पोऱ्या, तो पाना इकडे आण," एक पोलीस खेकसला.

ल्युशियस यांचे केस पिकलेले होते. त्यांनी पाना दिला नाही. मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांना खाली पाडलं, बेड्या घातल्या आणि गाडीत कोंबलं.

पहिला दगड कोणी उचलला, ते मला दिसलं नाही. तो राग मात्र त्या दिवसाचा नव्हता. मी तो वर्षानुवर्षं साठताना पाहिला होता. ऊन कलेपर्यंत काचा फुटल्या आणि कोपऱ्यावरचं किराणा दुकान पेटलं. त्याच्याच वर टेट यांचं घर. ल्युशियस यांची आई तिथे अंथरुणाला खिळलेली. जिना धुरानं भरला होता.

बंब आला, पण त्यावर दगडांचा मारा सुरू झाला. बंबावरचे गोरे जवान मागे फिरू लागले. तेव्हा आर्डेलियाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. समोर दगड घेतलेला शेजारचा डेल्विन होता.

"डेल्विन, तुला मी या हातांनी भरवलंय. मारायचंच असेल तर मला मार. पण माझ्या सासूबाई वर आहेत."

डेल्विननं हातातला दगड खाली टाकला आणि बंबाची नळी स्वतः ओढत आणली. मी होतं नव्हतं ते पाणी दिलं. म्हातारीला ओल्या घोंगडीत गुंडाळून खाली आणलं. ती वाचली. घर आणि दुकान वाचली नाहीत.

ल्युशियस सुटून आले, तेव्हा घराच्या जागी राख होती. ते दुकान पुन्हा उघडलंच नाही. पावासाठीसुद्धा आर्डेलियाबाईंना बस बदलून जावं लागे. पुढच्या उन्हाळ्यात महापालिकेची माणसं आली आणि मुलांना भिजता यावं म्हणून त्यांनी माझ्या तोंडावर एक फवारा बसवला. काम चहा निवायच्या आत झालं. ल्युशियस बघत उभे होते.

मित्रांनो, मुलं पाणी मागतात, तेव्हाच ते द्या. नंतरही मी देतोच, पण तेव्हा ते जळत्या घरावर पडतं.