रुळांना लावलेलं तेल

हरिश्चंद्रानं रुळाच्या डोक्यावर हात टेकला आणि तो सर्रकन घसरला. त्यानं बोटं नाकाशी नेली. माशाचं तेल! तो दुसऱ्या रुळाकडे गेला, तिसऱ्याकडे गेला, सगळीकडे तेच. आगगाडीचे ते जुने रूळ त्यानं खाडीकाठच्या गाळात खांबांसारखे उभे ठोकून हातभर वर ठेवले होते, त्यांना भोकं पाडून सळया ओवल्या होत्या, सळयांचे आकडे वळवले होते. आणि त्या सगळ्यावर कुणीतरी बाळाला न्हाऊ घालण्याआधी चोळावं तसं निगुतीनं तेल चोळून ठेवलं होतं.

बाया घमेली घेऊन उभ्या होत्या. सिमेंटच्या गोणी फोडून झाल्या होत्या. अयूबशेठ छत्री मांडीवर आडवी ठेवून आपल्या वखारीचं काम बघायला बसले होते. आज रुळांवर तुळया ओतायच्या होत्या, आणि तेलकट लोखंडाला काँक्रीट धरत नाही. तुळईनं रूळ पकडला नाही तर रूळ राहतील जागच्या जागी आणि वरची वखार निघेल भाट्याच्या खाडीकडे. मग रत्नागिरीत हरिश्चंद्राला कुणी खिळासुद्धा ठोकायला दिला नसता. पुन्हा मुंबईची गोदी, पुन्हा ती कोंदट खोली आणि तो खोकला! हे काम टिकलं तरच तो गावात टिकणार होता.

“भागोजी!” तो ओरडला.

भागोजी गवंडी म्हणजे त्याच्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. पण मेहुणे-मेहुणे एकमेकांना पाण्यात पाहत. ही वखार आधी भागोजीनंच बांधायला घेतली होती, जांभ्या चिऱ्याचं जोतं घालून. ते जोतं गाळात असं काही रुतलं की बंदरावरची माणसं मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायची, आणि बघून हसायची. मग हरिश्चंद्र मुंबईहून पडावात घालून जुने रूळ घेऊन आला. भागोजीकडे उरले काँक्रीटचे साचे, आणि पुढे कधीतरी भिंती. मेव्हण्यानं माझ्या चुलीत पाणी ओतलं, असं तो बाजारात भेटेल त्याला सांगत फिरायचा.

तो साच्याची फळी हातातून न सोडता आला.

“हे तेल कुणी लावलं?”

“कसलं तेल?”

“नाक आहे ना तुला? तुझ्याच डब्यातलं आहे ते. फळ्यांना लावतोस ते.”

भागोजीनं रुळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“माझ्या डब्यातलं असेल तर मीच लावलं असेल.”

“म्हणजे कबूल करतोस?”

“तुला जे ऐकायचं होतं ते ऐकलंस ना? मग झालं.”

हरिश्चंद्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं भागोजीच्या बंडीला धरलं आणि सगळ्या बायांसमोर त्याला गदागदा हलवलं.

“स्वतःचं जोतं बुडालं म्हणून माझं काम बुडवतोस, मेल्या? सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय देतोस?”

भागोजीचा हात वर गेला. तो मारणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण हात खाली आला.

“तिचं नाव काढू नको,” तो म्हणाला. “तिचा काय संबंध नाय.”

अयूबशेठ उठले. शेठ एरवी आवाज चढवणारे नव्हते, आणि तेव्हाही त्यांनी तो चढवला नाही.

“भागोजी, थापी उचल नि चालू लाग. परत माझ्या कामावर दिसू नको. पालीपासून गुहागरापर्यंत जो विचारील त्याला मी सांगणार आहे, हा माणूस कामात दगा करतो.”

गवंड्याला याहून वाईट ते काय बोलायचं! भागोजीनं थापी, ओळंबा, सूत गोणपाटात गुंडाळलं आणि तो बांधावरून निघून गेला. बायांपैकी एकजण त्याच्या मागे थुंकली.

मग दिवसभर झावळ्या पेटवून रूळ भाजले, सोड्याच्या पाण्यानं धुतले, वाळूनं घासले. आकड्यांच्या बेचक्यांत तेल फार खोल गेलं होतं. हरिश्चंद्राची बोटं सोलून निघाली. ओतकाम उद्यावर गेलं. पण खरं सांगायचं तर त्याला आतून बरं वाटत होतं. इतकी वर्षं जो माणूस वाईट आहे असं तो म्हणत आला होता, तो आज सगळ्यांदेखत वाईट ठरला होता.

तिन्हीसांजेला घरी आल्या आल्या त्यानं बायकोला, हौसाला, सगळं सांगितलं. अगदी चवीनं सांगितलं. शेठ काय म्हणाले, बाई कशी थुंकली, काही सोडलं नाही. हौसा चुलीशी बांगडे भाजत होती. तिचा हात थांबला.

“लोखंडाला तेल वाईट असतं?”

“लोखंडाला नाय गो. पण काँक्रीट चिकटत नाय त्याला.”

“अगोबाई,” ती म्हणाली आणि तिथंच खाली बसली. “अहो, ते मी लावलं.”



“काल तुम्ही बंदरावर गोणी आणायला गेलात ना, तेव्हा. तुम्हीच सारखे म्हणता, खाऱ्या हवेत लोखंड किती टिकेल देव जाणे. आमचे बाबा होडी पाण्यात ढकलायच्या आधी तिला तेल लावायचे. म्हटलं, आपणही लावावं. तुम्हाला तेवढाच घोर कमी.”

“तेल कुणी दिलं?”

“दादा फळ्यांना लावत होता. त्याच्याकडेच मागितलं. कशाला हवंय तेही सांगितलं. अख्खा डबा दिलान मला. म्हणाला, वरवर नको, आकड्यांच्या आतपर्यंत चोळ.”

फळ्यांना तेल कशासाठी लावतात, हे भागोजीला कुणी शिकवायला नको होतं. काँक्रीट चिकटू नये म्हणून! साच्यांचं काम त्याचंच. सगळं समजून उमजून त्यानं बहिणीच्या हातात डबा दिला होता. हरिश्चंद्रानं बोलायला तोंड उघडलं.

हौसा रडत होती. पदराचा बोळा तोंडाशी धरून रडत होती, पण तिचा चेहरा उजळला होता.

“माझ्यावर येऊ नये म्हणून दादानं आळ घेतला हो अंगावर! एवढ्या माणसांत! आणि मी मेली म्हणत होते, तुमच्या भांडणात त्याला माझी मायाच उरली नाय.”

हरिश्चंद्राचं तोंड तसंच उघडं राहिलं. भागोजीनं तिथंच, सगळ्यांसमोर, ‘विचार तुझ्या बायकोला’ म्हटलं असतं तर? शेठसमोर कुणाचं नाक कापलं गेलं असतं? त्यानं म्हटलं नव्हतं. त्या विचारानं हरिश्चंद्राला त्याचा अधिकच संताप आला.

“हरामखोर,” तो पुटपुटला.

“काय म्हणालात?”

“काय नाय.”

“मी आत्ता जाते दादाकडे. आणि सकाळी शेठना सांगते.”

“शेठना मी सांगेन. तू दादाकडे जा.”

“काय सांगू त्याला?”

हरिश्चंद्र सोललेल्या बोटांकडे बघत बसला. दादानं जाणूनबुजून डबा दिला, एवढं एक वाक्य बोलायचा अवकाश होता, की तिचा उजळलेला चेहरा विझला असता. पण त्यानं ते वाक्य गिळलं.

“सांग, माझी चूक झाली. उद्या कामावर ये म्हणावं.”

हौसानं डोळे पुसले. दादाला आवडतात म्हणून तिनं बांगडे केळीच्या पानात बांधले, सगळेच्या सगळे, आणि लगबगीनं निघाली. हरिश्चंद्रानं आपल्या हातानं भात वाढून घेतला, त्यावर सार ओतलं, आणि तो खाली मान घालून जेवला.