निळ्या दाराचा रस्ता

शर्मिष्ठाच्या ऑफिसात एंगेजमेंट म्हणजे लोकांना गुंतवून ठेवणं. चेन्नईच्या गिंडी भागातल्या त्या कंपनीत कुणाच्या साड्यांच्या तर कुणाच्या इडलीच्या पिठाच्या ऑनलाइन जाहिरातीवर लोक थांबतात का, हसतात का, खाली काय लिहितात, यावर ती दिवसभर डोळा ठेवायची. घरी मात्र एंगेजमेंट म्हणजे अद्वयदादाचा साखरपुडा, आणि त्यापुढे कुणाला दुसरं काही सुचत नव्हतं. शहाण्या माणसाने ही दोन कामं लांब लांब ठेवली असती. शर्मिष्ठा हुशार होती. शहाणी होती, असं मात्र म्हणवत नाही.

वडील रविकांत आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात नोकरीला, म्हणून हे कुटुंब सांगलीहून चेन्नईत आलं आणि इथलंच झालं. दादाने इथलीच मुलगी पसंत केली तेव्हा आई, अलकनंदा, आधी धास्तावली. मग कळलं की हरिप्रिया तंजावरकडच्या मराठी घरातली. आईचा जीव भांड्यात पडला. "मद्रासात राहून मराठी सून!" असं तिने सांगलीला फोन करकरून सगळ्यांना ऐकवलं.

पहिल्यांदा चौघं अण्णा नगरला हरिप्रियाच्या घरी गेले तेव्हा रस्ता चुकले. मग हरिप्रियाचे आजोबा, निवृत्त शाळामास्तर अप्पाजी, फोनवर रस्ता सांगत सांगत स्वतः कोपऱ्यापर्यंत घ्यायला आले. पांढरं धोतर, खांद्यावर अंगवस्त्र, कपाळावर गंध. आणि तोंडात अशी मराठी, की या चौघांनी ती आयुष्यात कधी ऐकली नव्हती. घरात पाऊल टाकलं तर आजी सीतालक्ष्मींनी शर्मिष्ठाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "कापी होणे का तुज, बाळ? उगी लाजू नको," त्या कॉफीचं विचारत म्हणाल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. शर्मिष्ठाला मात्र हसू आलं, आणि पाठोपाठ एक कल्पना सुचली.

"अप्पाजी, मघाशी रस्ता सांगितलात ना, तसा परत सांगा. मी शूट करते."

अप्पाजी खूश झाले. अंगवस्त्र नीट केलं, चष्मा पुसला, खुर्चीत ताठ बसले. "उजवे हाती फिरा. पुढे पिळ्ळैयारचे, गणपतीचे देऊळ येते. त्या देवळाचे पाठीशी निळे दार. अवघी येवा, भय नको." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आमची भाषा तिकडे कोण आयकतील, बाळ?"

"पुष्कळ लोक ऐकतील, अप्पाजी," शर्मिष्ठा म्हणाली. ते खोटं नव्हतं.

साखरपुड्याला दोनतीन दिवस राहिले असताना तिने तो व्हिडिओ टाकला. मागे तुतारी लावली, वर लिहिलं, 'सतराव्या शतकातला जीपीएस'. 'भय नको' तीनदा वाजवलं, आणि प्रत्येक वेळी अप्पाजींचा चेहरा आणखी जवळ, आणखी मोठा. तिला तो प्रेमळ विनोद वाटला. पुण्यामुंबईच्या लोकांना तर भलताच आवडला. त्यांनी अप्पाजींच्या गंधाला हसून घेतलं, हेलांना हसून घेतलं. कुणी लिहिलं, म्हातारा अफझलखानाच्या वेळी झोपला तो आता उठला. कुणी लिहिलं, ही मराठी असेल तर आमची काय? ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, एंगेजमेंट अशी असते, शिका जरा. शर्मिष्ठा दोन दिवस हवेत होती.

साखरपुड्याच्या सकाळी मंडपात हरिप्रियाला दागिने घालताना तिने सहज विचारलं, "अप्पाजींची तयारी झाली का?"

तयारी लग्नपत्रिकेची. साखरपुड्यात ती मोठ्याने वाचायची इथली पद्धत: अमक्यांचा मुलगा, तमक्यांची नात, अमुक दिवशीचं लग्न, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशी. बाकीच्या घरांत ती शास्त्री वाचतात. अप्पाजींच्या घरात घरचा वडीलधारा वाचतो, आणि मराठीत वाचतो. त्यांचे वडील वाचत, आजे वाचत. आजवर समोर बसलेल्या निम्म्यांना त्यातलं अर्धंच कळायचं. आज समोर सांगलीची माणसं होती. या एका वाचनासाठी अप्पाजी महिनाभर आरशासमोर उभे राहत होते, हे हरिप्रियानेच पूर्वी कौतुकाने सांगितलं होतं.

हरिप्रियाने कानातला झुमका तसाच हातात धरला. "मुरलीमामाने तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर टाकला," ती म्हणाली. "त्याला वाटलं, अप्पाजी फेमस झाले. अप्पाजींनी खालचं सगळं वाचलं. परवापासून घरातसुद्धा तमिळच बोलताहेत."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. शर्मिष्ठाने खांबाआड जाऊन तो व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो इतरांनी उचलून आपापल्या भिंतींवर चिकटवला होता. एकाने तर अप्पाजींना तलवार दिली होती. चार वर्षं ती हेच काम शिकली होती: लोकांच्या हाती एखादी गोष्ट अशी द्यायची, की ती परत घेता येऊ नये.

मंडपात ताटं मांडली गेली. नारळ, विडे, केळी, हळदकुंकू. आईने खास पैठणी नेसून पहिल्या रांगेत जागा धरली होती आणि सांगलीच्या मावशीला ती सांगत होती, "आता ऐक हं, आजोबा काय गोड बोलतात!" तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं. शर्मिष्ठा तिच्या मागे उभी होती. वाचू देत, हसू देत कुणाला हसायचं तर, पण वाचू देत, एवढंच ती मनात घोकत होती.

अप्पाजी उठले. धोतराऐवजी पँट होती, कपाळ कोरं होतं. हळद लावलेला कागद त्यांनी उघडला, समोरच्या मराठी माणसांवरून नजर फिरवली, आणि ती शर्मिष्ठाशी येऊन थांबली. क्षणभरच. मग त्यांनी कागदाची घडी घातली, शास्त्रींच्या हातात दिला आणि तमिळमध्ये म्हणाले, "तुम्हीच वाचा."

शास्त्रींनी खणखणीत वाचलं. ताटांची अदलाबदल झाली, अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या. मावशीने विचारलं, "आजोबा बोलणार होते ना?" आई गोंधळून म्हणाली, "बरं नसेल वाटत त्यांना." शर्मिष्ठाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाआधी ती त्यांना गाठायला गेली. वाकून नमस्कार केला. "अप्पाजी, माझं चुकलं. मी... मला हसं करायचं नव्हतं."

अप्पाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शाळेत पाहुण्या तपासनीसाशी बोलावं तशा स्वच्छ इंग्रजीत ते म्हणाले, "त्यात काही नाही. तुम्ही शब्द पाळलात. पुष्कळ लोकांनी ऐकलं." आणि ते पुढच्या पाहुण्यांकडे वळले. ते 'तुम्ही' तिला थपडेसारखं लागलं. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं, पण त्यांनी कुठलं म्हटलं हे तिला कळलं होतं.

पंगत बसली. केळीच्या पानावर वाढत वाढत सीतालक्ष्मी आजी सांगलीच्या रांगेपाशी आल्या. हातात बोळ्यांचं ताट होतं, इथली पुरणपोळीच ती. शर्मिष्ठासमोर त्या थांबल्या, वाकल्या, नेहमीसारखं काहीतरी ओठांवर आलं आणि त्यांनी ते गिळलं. चोरट्या नजरेने एकदा अप्पाजींकडे पाहिलं. मग उभ्या आयुष्यात कधी लागले नव्हते ते शब्द शोधत, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या त्या म्हणाल्या,

"ईट... मॅडम. स्वीट. गुड."

शर्मिष्ठाने पानावरचा हात बाजूला घेतला. आजींनी तुपाने भिजलेली बोळी अलगद तिच्या पानात ठेवली आणि बरोबर बोलले ना, अशा नजरेने तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"थँक यू," शर्मिष्ठा म्हणाली.