अस्थिनाथ महाराजांचं जिवंत भस्म

हिवाळ्यात सकाळपासून बायांची रांग लागायची, ती गावाबाहेरच्या उघड्या खळ्यावर. अस्थिनाथ महाराज पळसाच्या पानावर पांढरं भस्म ठेवायचे, वरून लिंबू पिळायचे आणि भस्म फसफसून उठायचं.

"देखो माई, जिंदा भस्म! हिमालय की सतरा गुफाओं से निकाला है. हड्डी से बात करता है!"

"बोललं वं माय, बोललं!" बाया हात जोडायच्या.

महाराज मूळचे धारणीकडचे, पण चमत्कार मात्र हिंदीतच करत. सतरा गुहा कोणी मोजल्या, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बेटा, तेरी हड्डी में शक है."

शक होताच, आणि काळजीही होती. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची ही गोष्ट. माझी धाकटी बहीण वच्छला त्या गावच्या देशमुखांकडे दिलेली. त्यांच्या घरी बायकांना कडक गोषा, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. ऐन पंचविशीत तिची हाडं ठणकू लागली. उठताना भिंत धरावी लागे, चार वर्षांच्या शालूला कडेवर घेता येत नसे. पोर हात वर करून उभी राहायची आणि वच्छला तोंड फिरवायची. मला ते बघवत नसे.

तिच्यासाठी भस्म आणायला स्वयंपाकीण तानुबाई जाई. तीही वर्षानुवर्षं चुलीपाशी बसून कंबर धरलेली. पुडीतली चिमूटभर तीही तोंडात टाकी. दोन महिन्यांत तानुबाई ताठ चालू लागली! वच्छला मात्र होती तशीच.

महाराजांचं निदान तयार होतं. "श्रद्धा कम है. चिमटी नहीं, मुट्ठी भर खाओ."

वच्छलानं बिचारीनं मुठीनं खाल्लं. मग ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट गच्च झालं, तहान भागेना. तरी तिचे यजमान भगवंतराव मलाच म्हणाले, "दादा, त्याच पुडीतून तानुबाई बरी झाली का नाई? मंग दोष कोनाचा हाय?"

मी अमरावतीहून डॉक्टर माणिकबाईंना घेऊन आलो. बाईच डॉक्टर, म्हणून गोषाची अडचण आली नाही.

त्यांनी वच्छलाला तपासलं, भस्म ताबडतोब बंद केलं आणि तानुबाईला विचारलं, "तू कसं घेत होतीस?"

"चिमूटभर. जास्तीचं कसं खाऊ, मालकिनीचं हाय ना! पन डाक्टरीनबाई, त्या पुडीसाठी सकायपासून दुपारपावतर बसा लागते. पाठ भाजून निंगते."

माणिकबाई हसल्या. शालूच्या खेळण्यातले पूर्णा नदीच्या काठचे शिंपले त्यांनी खलबत्त्यात कुटले आणि वर लिंबू पिळलं. पूड फसफसली.

"अवो, हे बी बोललं!" तानुबाई ओरडली.

"कुठलाही शिंपला बोलतो," माणिकबाई म्हणाल्या. "महाराजांचा हिमालय इथंच नदीकाठी आहे. यात कॅल्शियम असतं आणि हाडांना ते लागतं, एवढं खरं. पण ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि ते उन्हानं कातडीत तयार होतं. तानुबाई उन्हात बसली, तिला थोडंही पुरलं. वच्छलानं अंधारात बसून मुठीनं खाल्लं, तिला ते बाधलं. आणखी खाल्लं असतं तर मूत्रपिंडावर बेतलं असतं."

भगवंतराव म्हणाले, "पन घरची बाई उन्हात बसवाची? लोक काय म्हनतीन?"

"परसात आडोशाला कापसाच्या पराट्यांची ताटी बांधा आणि वरून उघडी ठेवा. सूर्यापासून कसला गोषा पाळता?"

ताटी बांधली. पोट निवळल्यावर माणिकबाईंनी कॅल्शियमची पूड आणि ड जीवनसत्त्वासाठी माशाच्या तेलाचे थेंब मोजून दिले.

"दुप्पट देल्लं तर लवकर बरी होईन का?" भगवंतरावांनी विचारलं.

"मुठीचा गुण पाहिलात ना? तेलही जास्त झालं तर बाधतंच."

उन्हाळा सरता सरता वच्छला भिंत न धरता उठली आणि तिनं शालूला कडेवर घेतलं. मी रडलो, लपवत नाही.

शिंपले आणि लिंबू घेऊन मी खळ्यावरही गेलो होतो. पूड फसफसली तेव्हा महाराज म्हणाले, "इस नदी में हम नहाए हैं, इसलिए!" काही बायांनी त्यालाही हात जोडले. पण तानुबाई मोठ्यानं हसली आणि रांग मोडली. महाराज पुढं पातूरकडे गेले म्हणे.

देवाला तुम्ही खुशाल माना. पण पोटात पूड टाकण्याआधी ती कशाची, किती घ्यायची आणि कोणी घ्यायची, एवढं जाणत्या डॉक्टरला विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या हातचं खाऊ नका.