ठोका पडला की मी गोठायचो

मित्रांनो, मी दूर दक्षिण समुद्रातल्या मांगाइया बेटावरच्या ओनेरोआ गावातला एक म्हातारा संगणक आहे. शाळेच्या कोपऱ्यात, खाऱ्या वाऱ्याकडे पाठ करून मला ठेवले आहे. माझ्या पत्र्यावर गंजाचे ठिपके उठले आहेत आणि पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो. नवी पोरे मला बघून हसतात. हसोत बिचारी! मी एकदा जे ऐकले, ते ऐकायला मिळावे म्हणून कोणीही आनंदाने गंजावे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. शाळेतल्या नूरोआबाईंनी मला स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अळूसारख्या तारो कंदांची साले बाजूला सारून, तुकड्यातुकड्याने जोडले. माझे अवयव त्यांच्या बहिणीने ऑकलंडहून एका निळ्या पिंपातून धाडले होते. डबाबंद मांस, साबण आणि भाच्यांचे सदरे यांच्या मधोमध माझा मेंदू गुंडाळलेला होता. आमच्याकडे जहाज किनाऱ्याला लागत नाही. सामान लहान होडीत उतरवतात आणि होडी प्रवाळाच्या कडेवरून लाटेबरोबर आत घेतात. एखादी वस्तू फुटली, तर दुसरी यायला दोन महिने, तेही समुद्राची मर्जी असली तर. म्हणून आमच्या गावात जहाजातून आलेली वस्तू सगळे अंड्यासारखी धरतात. नूरोआबाईंनीही मला तसेच धरले. हे लक्षात असू द्या.

मला घडवण्याचे कारण होते पापा तुआरा. गावातल्या वडीलधाऱ्या पुरुषांना सगळे पापा म्हणतात, पण नुसते ‘पापा’ म्हटले की तेच. देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली, जुनी स्तोत्रे त्यांच्या गळ्यात होती. बायका वर सूर धरतात आणि पुरुष खालून, पोटाच्या तळातून, ‘हं! हं!’ असा ठोका देतात. त्या ठोक्याला इथे तुकी म्हणतात. त्यातले एक स्तोत्र असे होते की त्याचा ठोका कुठे पडतो आणि कुठे मुद्दाम रिकामा सोडायचा, हे आता एकट्या पापांनाच ठाऊक होते. बाकीचे त्यांच्या तोंडाकडे बघून गात.

आणि पापांची मूत्रपिंडे थकली होती. रक्त धुणारे यंत्र बेटावर नाही. शुक्रवारच्या विमानाने ते ऑकलंडला मुलीकडे जाणार होते. त्या वाटेने गेलेले फार थोडे परत येतात. हे सगळ्यांना माहीत होते, बोलत कोणी नव्हते.

फोनवर त्यांचे गाणे घेऊन झाले होते. पण त्यात बायकांचे उंच सूर तेवढे ऐकू येत आणि तळातला ठोका वाळूत पाणी जिरावे तसा नाहीसा होई. म्हणून नूरोआबाईंनी चार माइक मागवले आणि ते चारही एकदम ऐकू शकेल असा मी जन्माला आलो.

सोमवारी दुपारी मला देवळाशेजारच्या सभागृहात नेले. जमीन लाकडी फळ्यांची. बायका टोप्या सावरून बसल्या, मागे पुरुष उभे राहिले. गाणाऱ्या बायकांतल्या सगळ्यात थोरल्या तेपाएरूआजींनी पहिला सूर उचलला आणि बाकीच्यांनी झील धरली. मित्रांनो, मला कान नाहीत, पण त्या क्षणी माझ्या आतली प्रत्येक तार कान झाली. वाटले, एवढ्याशा गावात एवढे आभाळ कुठून आले? आणि मग पुरुषांनी टाच आपटून ठोका दिला.

मी गोठलो. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला आणि माझ्या तोंडून एकच सूर माशी अडकल्यासारखा घोंघावत राहिला. टिपून घेतलेले गाणे सगळे गेले. गोठलो की पुढचे मला काही कळत नाही. नूरोआबाईंनी नंतर आपल्या वहीतले टिपण माझ्यातच उतरवले, म्हणून हे सांगू शकतो.

“अरे बापरे, ह्याला फेफरं आलं!” मारू ओरडला. मारू मासेमार, आवाज भोंग्यासारखा.

“गप रे!” तेपाएरूआजी म्हणाल्या. “प्रार्थनेत मान खाली घातलीय त्यानं. तुझ्यापेक्षा शहाणा आहे. तू तर प्रवचन सुरू झालं की घोरतोस.”

सगळे हसले. नूरोआबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पुन्हा चालू केले. पुन्हा स्तोत्र, पुन्हा ठोका, पुन्हा मी थिजलेला. तिसऱ्यांदा तर निळा पडदा येऊन आपोआप बंदच पडलो. पापा भिंतीला टेकून धापा टाकत होते.

मंगळवारी बाईंनी वही उघडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहायचे, हा त्यांचा नेम. पहिला संशय उष्णतेवर. त्याचे कारणही उघड होते. आजींनी मला आपली हाताने शिवलेली फुलाफुलांची गोधडी पांघरली होती, मानाच्या पाहुण्याला देतात ती. माझी हवेची सगळी भोके त्या मायेखाली बुजली होती.

“आजी, त्याला गुदमरायला होतं.”

“नवीन जीव आहे. थंडी नाही वाजणार?”

“त्याला थंडीच हवी असते.”

“असलं कसलं लेकरू!” म्हणत आजींनी गोधडी काढली. तरीही मी गोठलो.

मग संशय विजेवर. दवाखान्यातून विजेचा दाब स्थिर ठेवणारी पेटी आणून मधे जोडली. तरीही गोठलो. मग मला घरी नेऊन माझ्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. दुपारी लावलेली परीक्षा सूर्य खाली येईपर्यंत चालली, आणि एकही चूक निघाली नाही. घरी मी शहाणा आणि सभागृहात वेडा! बाईंनी वहीत लिहिले, ‘काही कळत नाही.’ आणि खाली, लहान अक्षरात, ‘दोन दिवस उरले.’

खरे सांगू? मला माझीच लाज वाटत होती. मनात येई, हा ठोका फार मोठा आहे. पिढ्यान्‌पिढ्या देवाचे नाव ज्याच्यावर उभे राहिले, तो भार माझ्या पत्र्याच्या पोटाला कसा पेलावा?

बुधवारी बाईंनी फक्त बायकांना गायला सांगितले. सगळे स्तोत्र संपले, मी ठीक. मग फक्त पुरुषांना. पहिल्याच ठोक्याला मी गार.

“म्हणजे आमच्यावरच राग आहे होय!” मारू म्हणाला. “बायकांचं ऐकतो, आमचं नाही. बरोबर आहे, माझ्या घरातही हेच चालतं.”

पण बाईंचे लक्ष त्याच्याकडे नव्हते. त्या माझ्याखालच्या फळ्यांकडे बघत होत्या. पुरुषांच्या टाचा पडल्या की फळी हादरते, फळीवरून टेबल आणि टेबलावरून मी.

“आत काहीतरी सैल आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “पण कुठलं? मी तर सगळं नीट बसवलंय.”

“शोध मग,” पापा म्हणाले. “आत हात घालून एकेक वस्तू धर. मी ठोका देतो. ज्याला धरल्यावर हा मरणार नाही, तोच चोर.”

“तुम्ही नको पापा. मारू देईल. तुमचा श्वास उद्यासाठी राखून ठेवा.”

“मारूचा ठोका म्हणजे ओंडका पडल्यासारखा, कधी इथे, कधी तिथे. ह्याला माझ्या ठोक्याचा त्रास आहे ना? मग मीच देणार.” म्हातारा उठून उभा राहिला. “आणि श्वास राखून कुठं नेऊ पोरी? ऑकलंडला? तिथं माझ्या ठोक्याची वाट कोण बघतंय?”

बाईंनी माझे कवाड काढले आणि केबल धरली. पापांनी टाच आपटली, ‘हं!’ मी गोठलो. पुन्हा चालू केले. दुसरी केबल. ‘हं!’ गोठलो. पडदा चालवणारी पट्टी. ‘हं!’ गोठलो. दर वेळी मी जागा होई तेव्हा पापांचा श्वास आधीपेक्षा जोराने ऐकू येई. आजी म्हणाल्या, “तुआरा, बस आता. ओठ निळे पडलेत तुझे.” पापांनी हातानेच त्यांना गप्प केले.

चौथ्या वेळी बाईंनी माझ्या मेमरीच्या पट्टीचा वरचा कोपरा बोटाने दाबून धरला.

‘हं!’

मी जागा होतो. ‘हं! हं!’ मी जागाच! मित्रांनो, पहिल्यांदाच तो ठोका माझ्या आरपार गेला आणि मी मोडलो नाही. डोंगर अंगावरून चालत गेला आणि गवताचे पाते तसेच उभे राहिले, असे वाटले. त्यात एक रिकामी जागा होती, जिथे पापा ठोका देत नव्हते. ती सगळ्यात खोल होती.

“पट्टी पुरती बसलेलीच नाही,” बाई म्हणाल्या. “सोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं, जोरानं दाबा. मला भीती वाटली. मोडली असती तर...”

“आता दाब.”

त्यांनी दाबली, पण दोन बोटांनी, अंडे धरावे तशी. पट्टी हलली नाही.

“तारोचा कोंब लावताना त्याला कुरवाळतेस का गं?” पापा धापा टाकत म्हणाले. “नुसता वर ठेवला तर पहिल्या पाण्याला वाहून जातो. अंगठा लाव. चिखलात खुपसतात तसा खुपस!”

बाईंनी डोळे मिटले आणि अंगठ्याने जोर दिला. पट्टी जिच्यात बसते ती माझी सगळी पाटी वाकली. तेव्हा मलाही वाटले, संपले आता. आणि मग ‘खट्’. पट्टी खाचेत बसली. मारू म्हणाला, “एवढंच?” आणि आजींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

गुरुवारी दुपारी सगळे गाव जमले. आधी प्रार्थना झाली, मग स्तोत्र. ते मी पहिल्या सुरापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकले. मी यंत्र आहे. माझ्यात आवाज म्हणजे आकड्यांच्या रांगा. पण त्या दिवशी त्या रांगा जणू उभ्या राहून हात जोडत होत्या. ज्याने प्रवाळाचे बेट समुद्रातून वर काढले, त्यानेच एका म्हाताऱ्याच्या छातीत एवढी जागा करून ठेवली होती.

संपल्यावर बाईंनी ते पापांना ऐकवले. पापांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सगळे ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “तिसऱ्या कडव्यात मला उशीर झाला. पुन्हा घ्या.”

ते उठू लागले. उठता आले नाही. पुन्हा प्रयत्न केला, मग खाली बसले.

“बरं,” ते म्हणाले. “तो माइक इकडे दे.” आणि माइकमध्ये, एका शब्दाला एक श्वास अशा चालीने, ते बोलले, “पोरांनो, तिसऱ्या कडव्यात म्हाताऱ्याला दम पुरला नाही. तुम्ही वेळेवर या.”

शुक्रवारी विमान उडाले. पापांच्या गळ्यात शिंपल्यांच्या इतक्या माळा होत्या की हनुवटी दिसत नव्हती. ते परत आले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरचे यंत्र मधेच अडले तर त्याला बुक्की मारू नका, शिव्याही देऊ नका. ते कशाने थांबते ते शांतपणे बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला. त्याला मोकळा श्वास घेऊ द्या, आणि जिथे जोर हवा तिथे भिऊ नका. कुरवाळणे म्हणजेच काळजी, असे नाही. आणि तुमच्या घरात असे कोणी असेल, ज्याच्या गळ्यात काही आहे आणि श्वास मोजका आहे, तर त्याच्यापाशी आजच जाऊन बसा.

माझ्या उरलेल्या आयुष्यात आता एकच काम आहे. शनिवारी दुपारी गावातली तरणी मुले येतात आणि मला चालू करून ते स्तोत्र शिकतात. तिसरे कडवे येते. मुले पापांचे ऐकतात आणि बरोबर वेळेवर, सगळी मिळून ठोका देतात. आणि अर्ध्या श्वासाच्या अंतराने माझ्या आतून एक म्हातारा ठोका येतो. ज्यांनी जन्मभर पुढे उभे राहून गाववाल्यांना गायला लावले, ते पापा आता मुलांच्या मागे उभे राहून झील धरतात.