मुख्य माहितीदार सरूबाई

“नाव विचारलं तर सरू सांगायचं. आणि मला गो-बिगो करायचं नाय. अहो-जाहो करायचं.”

सीताबाईचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबला. “कोनाला? तुला?”

“व्हय, मला. दोनच तास, आई. मॅडम येतील, बघतील, जातील.”

“नि मी तुजी कोन?”

“माहितीदार.”

हा शब्द सीताबाईने जन्मात ऐकला नव्हता. तिने तो एकदा पुटपुटून पाहिला, मान हलवली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. पोरीची मॅडम येणार म्हणून आज ती मिठागरावर गेलीच नव्हती. पहाटे उठून टाचांच्या भेगांना खोबरेल चोळलं होतं, ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. मृणाली ती साडी बघून म्हणाली, “ही नको, रोजचीच नेस.” बाईने तीही मुकाट्याने बदलली.

आता ही वेळ का आली ते सांगायला हवं. मृणाली मुंबईच्या एका कॉलेजात मानवशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मानवशास्त्र म्हणजे काय, हे गावात सांगता सांगता तिच्या नाकी नऊ येत. “माणसांचा अभ्यास” म्हटलं की लोक म्हणत, “मंग त्यात शिकायचा काय?” पण पदवी हवी तर त्या अभ्यासालाही नियम होते, आणि चांगले खमके होते. पाच सत्रांचे पेपर झाले, प्रयोगशाळेत कवट्या मोजून झाल्या, एकमेकींच्या नाकांची लांबी-रुंदीसुद्धा लिहून झाली. उरला होता क्षेत्रकार्याचा अहवाल. एका वस्तीत पंधरा दिवस राहायचं, एक मुख्य माहितीदार धरायचा, त्याच्याकडून तीन पिढ्यांची वंशावळ काढून घ्यायची, मार्गदर्शक स्वतः येऊन त्या माहितीदाराला भेटणार, आणि मग तोंडी परीक्षा. अहवाल गेला की वर्ष गेलं. शिवाय नियमांच्या कागदावर सातव्या नंबरला ठळक अक्षरात छापलेलं: स्वतःचे कुटुंब व नातेवाईक माहितीदार म्हणून चालणार नाहीत.

तिने काही मुद्दाम नियम मोडायला घेतला नव्हता. रोह्याला तिच्या कमळाकर मामाच्या आळीत फ्लोरा आजी राहायच्या. त्या बेने इस्रायल समाजाच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्यांचे बहुतेक नातेवाईक केव्हाच इस्रायलला गेले होते, आणि आळीत त्यांचं एकच घर उरलं होतं. मृणाली वही घेऊन त्यांच्याकडे राहायला गेली. आजींनी हौसेने पहिल्या दोन दिवसांत अख्खं खानदान सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी मोरीत पाय घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. मुलगा रूबेन ठाण्याहून गाडी घेऊन आला आणि आईला घेऊन गेला. घराला कुलूप. मृणालीच्या हातात वही आणि बारा दिवस.

इथे ती खरं बोलली असती तर निभावलं असतं. पण कॉलेजात मृणाली म्हणजे रोह्याची, धाटावच्या कंपनीत कामाला असलेल्या माणसाची मुलगी. पहिल्या वर्षी होस्टेलवर कुणीतरी सहज विचारलं, तेव्हा मामाचं घर, मामाची नोकरी, मामाची गाडी, सगळं तिच्या तोंडून ‘आमचं’ म्हणून निघून गेलं, आणि पुढे ते मागे घ्यायची हिंमत झाली नाही. पेणच्या खाडीकाठचं दोन खोल्यांचं घर, बाप नाही, आई मिठागरावर मजुरीला जाते, हे तिने तीन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने मॅडमना फोन केला. “फ्लोरा आजींचं जमत नाही, मॅडम. पण पेणजवळ मिठागर कामगारांची एक वस्ती सापडली आहे.” सापडली म्हणे! स्वतःचं घर सापडलं कार्टीला.

मॅडम खूश झाल्या. शेजारणीला धरावं तर ती मॅडमसमोर सगळं बोलून गेली असती; गुपित राखील अशी एकटी आईच होती. अहवालात माहितीदाराचं नाव बदलायचंच असतं, तेव्हा सीताबाईची सरूबाई झाली. आणि गंमत अशी, की बारा दिवस मृणालीने आईला कधी नव्हे ते नीट बघितलं. खाडीचं पाणी आत कधी घ्यायचं, मीठ धरलं हे कशावरून ओळखायचं, लाकडी फळीने ते ओढताना कंबर कशी सांभाळायची, सगळं विचारलं. सीताबाई सांगताना हरखून जायची. “आजवर नाय विचारलंस गो ह्या,” ती एकदा म्हणाली. मृणालीने तेही वाक्य वहीत लिहून घेतलं.

भूमिका मॅडम अकराच्या सुमारास रिक्षाने आल्या. त्या वेळी आळी रिकामी असते, सगळे मिठागरावर; मृणालीने वेळ त्या हिशेबानेच दिली होती. मॅडम पस्तिशीच्या, साध्या, चपला बाहेर काढून थेट जमिनीवर बसणाऱ्या. सीताबाईला बाई आवडली. तिने तांदळाची भाकरी, जवळा आणि कांदा असं दोघींना वाढलं, आणि स्वतः भिंतीला टेकून अंग चोरून बसली.

“तुमचं नाव सरूबाई ना?”

“व्हय.”

“ही मृणाली त्रास नाही ना देत तुम्हाला?”

“नाय वो. म्याडम लय चांगल्या हायत.” सीताबाई लेकीकडे न बघता म्हणाली. “येवड्या शिकलेल्या, पन आमच्यात बसत्यात, खात्यात.”

आईला हे इतकं छान जमेल असं मृणालीला वाटलं नव्हतं, आणि जमलं त्याचीच लाज वाटत होती. ती मान खाली घालून पाणी प्यायली. तेवढ्यात तिच्या ताटातली भाकरी संपलेली सीताबाईला दिसली, आणि सवयीने हात टोपलीत गेला. “आजून एक घे गो, सकालपास्ना काय खाल्ला नायस.”

आता संपलं, असं मृणालीला वाटलं.

मॅडम मात्र खदखदून हसल्या. “अगं, ‘गो’ म्हणतात तुला! मृणाली, याला म्हणतात माहितीदाराशी नातं जुळणं. बारा दिवसांत! आमच्यातल्या भल्याभल्यांना सहा महिने लागतात. हे अहवालात लिही हं, परीक्षकांना दाखवायचं आपल्याला.”

“लिहिते, मॅडम,” मृणाली म्हणाली.

जेवणं झाल्यावर मॅडमनी वंशावळीचा मोठा कागद जमिनीवर पसरला. पुरुषांना त्रिकोण, बायकांना वर्तुळ. जो वारला असेल त्याच्या खुणेवर तिरकी रेघ. सीताबाईचे सासू-सासरे, नवरा, दीर, सगळे जागच्या जागी होते, गेलेल्यांवर रेघा होत्या. आणि सीताबाईच्या खाली एक रेघ उतरून एक लहान वर्तुळ होतं. आईची वंशावळ काढताना मृणालीच्या हाताने ते आपोआप काढलं होतं, आणि मग खोडायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. इतकी लबाडी करून पोरगी चुकली ती इथे.

“तुम्हाला मुलगी आहे, सरूबाई?” मॅडमनी वर्तुळावर बोट ठेवलं. “कुठे असते? लग्न झालं का? हिने पुढे काहीच लिहिलेलं नाही.”

मृणाली घाईघाईने उत्तर जुळवायला लागली. रोह्याला, म्हणावं? मग मॅडम म्हणतील, अरे, तुझ्याच गावाला? नाव काय तिचं? सीताबाईने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. तिने पदर सारखा केला.

“पोर वारली, म्याडम,” ती म्हणाली. “ताप आला नि दोन दिसात वारली. आठवीत व्हती.”

आठवीत मृणाली रोह्याला मामाकडे शिकायला गेली होती. त्या सालानंतर ती या घरात सुट्टीपुरतीच आली होती.

“अरेरे.” मॅडमनी सीताबाईच्या हातावर हात ठेवला. “माफ करा हं. मला विचारायला नको होतं.” मग त्या हलक्या आवाजात मृणालीला म्हणाल्या, “रेघ राहिली बघ तुझी. आत्ताच मार, नंतर विसरशील.”

मृणालीने पेन उचललं. आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं तिच्या मनात तीनदा आलं. फार तर काय होईल? वर्ष जाईल. पण मग वर्गात, होस्टेलवर, सगळीकडे कळेल. सगळे आपल्याकडे कसे बघतील, ते तिला आत्ताच दिसायला लागलं. तिने त्या लहान वर्तुळावर तिरकी रेघ मारली. रेघ वाकडी आली.

“ह्या काय केलात?” सीताबाईने विचारलं.

“गेलेल्या माणसाची खूण असते ती,” मॅडम म्हणाल्या.

सीताबाईने कागदावर वाकून ती रेघ पाहिली आणि “बराबर,” एवढंच म्हणाली.

मॅडमच्याच रिक्षातून मृणाली पेण स्टँडला निघाली, कारण तिच्या मुक्कामाचा तो शेवटचा दिवस होता आणि तिथून तिला ‘घरी’, म्हणजे रोह्याला जायचं होतं. “येते, सरूबाई,” ती म्हणाली. सीताबाईने दारात उभं राहून हात जोडले, पाहुण्यांना जोडतात तसे. वाटेत मॅडम बोलत होत्या, मृणाली रस्त्याकडे बघत होती. तिला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी अहवालाचं तोंड भरून कौतुक केलं. विशेषतः त्या मुलगी गमावलेल्या आईचं प्रकरण. त्यात केवढा संयम आहे म्हणाले. मृणाली विभागात पहिली आली.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पदवीदान समारंभ ठरला. एका विद्यार्थ्याला दोन पास. मृणालीने फोन केला. “आई, तू येशील ना?”

“मी कशी येनार?” सीताबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता; जणू ती बसची वेळ सांगत होती. “तुजी म्याडम नसंल का थितं? वलखंल ना मना. पोर मेली सांगितली नि पोरीच्या पदवीला आली, मंग तुजा काय व्हईल? तू मामा-मामीला ने. मामा सुटाबुटात बरा दिसंल.”

मृणाली “बरं” म्हणाली. “नाही, तूच ये,” असं म्हणायला हवं होतं; ते तिला फोन ठेवल्यावर सुचलं, आणि सुचूनही तिने परत फोन लावला नाही.

समारंभात भूमिका मॅडम मुद्दाम शोधत आल्या. कमळाकर मामांना त्यांनी “तुमच्या मुलीने नाव काढलं,” म्हणून सांगितलं, आणि काही बोलू नका म्हणून भाचीने बजावून आणलेले मामा नुसते हसले. “आणि सरूबाई कशा आहेत गं?” मॅडमनी विचारलं. “खरं तर त्यांना बोलवायला हवं होतं आपण.”

“बऱ्या आहेत,” मृणाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पेणला उतरून घरी आली. सीताबाई नुकतीच कामावरून आली होती. तिने हातपाय धुतले, हात पदराला पुसले, तरी मृणालीने पुढे केलेल्या पदवीच्या कागदाला हात लावला नाही. “तूच धर, माजा हात ओला हाय. वाचून दाखव.”

मृणालीने वाचलं. विद्यापीठाचं नाव. कला शाखेची पदवी, मानवशास्त्र, प्रथम श्रेणी. मग स्वतःचं पूर्ण नाव. त्याच्यापुढे ती अडखळली.

“फुडं?” सीताबाई म्हणाली.

“पुढे आईचं नाव आहे. सीता.”

“माजा?” सीताबाई गुडघ्यावर हात टेकून पुढे वाकली. “माजा नाव छापलाय? कुटं?”

मृणालीने त्या अक्षरांवर बोट ठेवलं. सीताबाई कितीतरी वेळ बघत राहिली. तिचं तोंड हळूहळू हसरं झालं, आणि मग एकदम उतरलं. ती उठली, दार लोटून आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “ह्या त्या म्याडमनी वाचला तं? पदवी काडून घेतील ना? खोडाया नाय येत का?”

“नाय येत,” मृणाली म्हणाली, आणि मॅडमना सीता कोण हेच माहीत नाही, हे काही तिला सांगवेना. कागद मांडीवर ठेवून ती हुंदके देऊन रडायला लागली.

सीताबाई तिला चिकटून बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. “रडू नको,” ती म्हणाली. “कोनाला दाखवू नको म्हंजे झाला. मी पन नाय सांगनार.”