माझी एक पट्टी मुकी आहे

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे हं, वाजवायची. अंगाने सागवानी, आवाजाने खणखणीत आणि स्वभावाने, खरं सांगते, जरा गर्विष्ठ. बीडच्या जुन्या बाजारात शिवलिंगअप्पांचं घोंगड्या-चादरींचं दुकान आहे. त्या दुकानामागच्या खोलीत माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पोटात पितळी सूर बसवले. पितळेची एकेक पातळ जीभ तो घासायचा, कान लावून ऐकायचा आणि मान हलवून पुन्हा घासायचा. अप्पांच्या वडिलांनी मला सोमवारच्या शिवभजनासाठी बीडला आणलं. पुढे वीस वर्षं मी भजनात सगळ्यांच्या पुढे बसले. मी सूर दिल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. मग गर्व होणार नाही तर काय?

पण अप्पांचे वडील गेले आणि माझे दिवस फिरले. घरात टेपरेकॉर्डर आला, पाठोपाठ गल्लीत केबल आली. अप्पांचा थोरला रुद्रेश माझ्यावर कॅसेटींचा ढीग रचू लागला. ज्या अंगावर लोक फुलं वाहायचे, त्यावर आता चहाचे कप ठेवले जाऊ लागले. मला फार वाईट वाटायचं.

मला त्या ढिगाखालून काढलं ते अप्पांच्या धाकट्या लेकीने, ईश्वरीने. तेव्हा ती आठवीत होती. तिने ओल्या फडक्याने मला पुसलं, भात्याला चिकटपट्टी लावली आणि महिनाभर घरच्यांचे कान किटवले. हळूहळू हात बसला. तिची मैत्रीण वर्षाराणी समोर बसून कंपासपेटीवर ठेका धरायची. ही मुलगी बोलायला लागली की थांबायची नाही, पण ठेका मात्र कधी सोडायची नाही.

एके दिवशी दुकानात साखराबाई घोंगड्या घेऊन आल्या. त्यांचे यजमान धुळाजी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. साखराबाई आणि त्यांची मुलगी ऋतुजा बिंदुसरा नदीच्या कडेला भाड्याच्या खोलीत राहायच्या. ऋतुजा ईश्वरीच्याच वर्गात होती, पण शेवटच्या बाकावरची, कुणाशी न बोलणारी. आई सौदा करत होती आणि ही दाराला टेकून उभी होती. आत ईश्वरी वाजवत होती. ऋतुजाने नकळत गुणगुणायला सुरुवात केली.

मित्रांनो, मी तेव्हा भात्यात हवा घ्यायची विसरले! इतकी वर्षं मी माणसांना सूर दिला होता. या पोरीला तो द्यावा लागला नाही. तिच्याकडे तो होताच, उन्हात वाळलेल्या माळासारखा मोकळा आणि लांबवर पसरलेला. मी थक्क झाले. ईश्वरी उठून दारात गेली आणि म्हणाली, "अगं, इतके दिवस कामून लपवलंस?"

"लपवलं न्हाई. कुणी इचारलंच न्हाई," ऋतुजा म्हणाली.

त्या दिवसापासून तिघी एक झाल्या. अभ्यास, भांडणं, एकीच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दुसरीने पळवणं, सगळं माझ्यासमोर झालं. आधी ईश्वरीच गायची. एके दिवशी तिने आपणहून सांगितलं, "आजपासून गायची ऋतुजा. मी वाजवणार." हे बोलताना तिने माझी एक पट्टी गच्च दाबून धरली होती. तिला ते किती जड गेलं, हे मला त्यावरून कळलं. पण तिने शब्द फिरवला नाही.

तिघी दहावीत गेल्या आणि इतके दिवस बापाबरोबर फिरणारा ऋतुजाचा भाऊ नाथा कडा गावच्या साखर कारखान्यात कामाला लागला. मेंढरांमागे माणूस कमी पडू लागलं. दिवाळीनंतर साखराबाईंनाही रानात जावं लागणार होतं. मग ऋतुजा मागे कुणाजवळ राहणार? तिची शाळा सुटणार, गाणं सुटणार आणि मार्चमधली दहावीची परीक्षा तर राहूनच जाणार, असं दिसू लागलं.

दसऱ्यानंतर गावात शाळांची गाण्याची स्पर्धा होती. शाळेतल्या गाण्याच्या शिक्षिका भामाबाईंनी धुळाजींना निरोप धाडला, एकदा मुलीचं गाणं ऐका आणि मग काय ते ठरवा. धुळाजी दुकानाशी आले, डोक्याचा पटका सावरून उंबऱ्याबाहेरच बसले आणि समोर आलेल्या भामाबाईंना म्हणाले,

"बाई, गाणं चांगलंच आसंल. पर तरण्या पोरीला कुणाच्या जिवावर ठिवू? ऐकायला येतो म्या. मला कळंल आसं गा म्हणावं तिला."

म्हणून मुलींनी धुळाजींचीच ओवी निवडली, मेंढरांमागे चालताना ते म्हणायचे ती. भामाबाईंनी सुरुवातीला माझी एकटीची एक ओळ बसवून दिली. मी वर चढत जायचं आणि वरच्या काळी दोनवर, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीवर, थांबायचं. तिथून ऋतुजाने उचलायचं.

स्पर्धेचा दिवस सोमवार होता. ईश्वरीची आई नीलाबाई पूजा आटोपून आली. या घरात शुभकामाला निघताना कपाळी भस्म लावायची रीत. तिने तिन्ही मुलींच्या कपाळावर तीन बोटं ओढली आणि मग तिची नजर माझ्यावर गेली. "हिला कामून उपाशी ठिवायचं? हीच तर पुढं बसणार हाय." असं म्हणून तिने माझ्या अंगावरही तीन पट्टे ओढले. हातात ओलं भस्म उरलं होतं. तेवढ्यावर थांबेल तर ती माउली कसली! तिने माझ्या एका काळ्या पट्टीवर जाड टिळा लावला. नेमकी ती काळी दोन होती. ओलं भस्म फटीतून आत उतरलं आणि त्या पितळी जिभेवर जाऊन बसलं. मला गुदमरल्यासारखं झालं, पण मला बोलता कुठे येतं?

सभागृह भरलं होतं. धुळाजी आत बसले नव्हते. शेवटच्या दाराशी काठीवर हनुवटी टेकून उभे होते. वर्षाराणीने डिमडीवर ठेका धरला. ईश्वरीने ओळ सुरू केली. मी चढत गेले, चढत गेले आणि काळी दोनवर बोट पडताच माझ्यातून नुसता वारा निघाला, फस्स! पोरं हसली. ईश्वरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पुन्हा वाजवलं, पुन्हा वारा. शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या वेळी ती ओळ चढली, आणि जिथे मी मुकी होते तिथे ऋतुजाने सूर लावला. तिने वळून पाहिलं नाही. माझी रिकामी जागा तिने बरोब्बर भरली. मग ईश्वरीने ते केलं, जे मी जन्मात विसरणार नाही. तिने भाता मिटला आणि हात मांडीवर ठेवले. वर्षाराणीचा ठेकाही थांबला. ऋतुजा एकटी गात होती.

"मेंढरं गेली डोंगराला, पाऊलवाट मागं ऱ्हाई,
बाप चालतो पुढं पुढं, लेक मागं वळून पाही."

हसणारी पोरं गप्प झाली. परीक्षकांचं पेन थांबलं. मी आयुष्यभर सुरांत राहिले, पण सूर एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. त्या सभागृहात तो मावत नव्हता.

बक्षीस मिळालं नाही. पेटीची साथ अपुरी म्हणून गुण कापले गेले. बाहेर आल्यावर भामाबाईंनी पट्टी दाबून फटीतली राख दाखवली आणि नीलाबाईने कपाळावर हात मारला.

धुळाजी काठी टेकत आले. डोळे पुसून म्हणाले, "माझीच ओवी, पर मला आज कळली. पोरी, तुला न्यायला जीव हुत न्हाई. पर ठिवू कुठं?"

नीलाबाई पुढे झाली. "दाजी, वाटोळं माझ्या हातानं झालं. आता सावरायचंबी मलाच. पोरगी माझ्या घरी ऱ्हाईल. दोन लेकरांत एक वाढलं, काय बिघडलं?"

धुळाजींनी काठी भिंतीला लावली. मग त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून लेकीच्या अंगावर घातली.

"ऱ्हा हितं. मेंढरं मी बघतो."

तिघींनी एकमेकींना मिठी मारली. ईश्वरीच्या हातातली मीही त्या मिठीत सापडले, माझा एक कोपरा वर्षाराणीच्या बरगडीत रुतला आणि ती ओरडली.

याला आता खूप वर्षं झाली. ऋतुजा मुलींना गाणं शिकवते. ईश्वरी दुकान सांभाळते, वर्षाराणी लातूरला असते. दर दसऱ्याला तिघी माझ्याभोवती बसतात. मध्ये एक दुरुस्तीवाला आला होता. "पाच मिनिटांचं काम आहे, बोलती करतो," म्हणाला. ईश्वरी म्हणाली, "बाकी सगळं करा. ती तेवढी ऱ्हाऊ द्या."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी धूळ खात असेल तर त्याला पुसा, वाजवा, त्याच्यावर चहाचे कप ठेवू नका. पण माझी ती एक पट्टी मात्र अशीच राहू द्या. गेल्या दसऱ्याला ऋतुजाची एसटी उशिरा आली. ईश्वरीने ओळ वाजवली, बोट काळी दोनवर ठेवलं, आणि आम्ही सगळ्या तिथेच थांबून राहिलो. मग दारात चपला वाजल्या आणि चपला काढता काढताच तिने सूर लावला.