कंपनीची काळजी

सन १९९७. सावद्यात कुंदाबाई कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून देत. सॉफ्टवेअरच्या कंपनीला त्यांची भारी काळजी. म्हणून कंपनीचा माणूस जळगावहून स्कूटरवर आला आणि न विचारताच नवं सॉफ्टवेअर टाकून मोकळा झाला. लगेच जुन्या पत्रिकांत नवरदेवाच्या नावाजागी चौकोन दिसू लागले.

“भाऊ, जुनंच परत टाका.”

“ते बंद झालं, ताई. कॉम्प्युटर तुमचा, पण आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं. तुमच्या भल्यासाठीच बदललं.”

बाईंनी त्याच्या स्कूटरची किल्ली उचलून कपाटात ठेवली. “स्कूटर तुमची, पण उभी माझ्या अंगणात. आता पायी जा, तब्येतीला बरं.”

तासभर तो नियम सांगत राहिला. जळगावची शेवटची, साडेपाचची एस.टी. निघून गेली, तेव्हा जुन्या सॉफ्टवेअरची फ्लॉपी त्याच्याच बॅगेत सापडली.